आतला टाका

जानेवारीतली रात्र, तीन वाजून गेलेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या रुग्णालयात बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळीतली एक बाई जीपमधून आली. दुसरी खेप, दिवस भरलेले, कळा नियमित. ओटीपोटावर सिझरचा आडवा व्रण. आधीचे कागद मागितले तर सासू म्हणाली, "कोप जळाली मॅडम, त्यात गेले." कोप म्हणजे त्यांची झोपडी.

"मला नॉर्मलच करा," ती कळेकळेला म्हणत होती. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. ती बसून राहिली तर आगाऊ घेतलेली उचल फिटणार कशी, ही तिची धास्ती.

मागणी चुकीची नव्हती. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, असं नसतं. गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, तर प्रयत्न करणाऱ्या 100 जणींतल्या 70-75 नॉर्मल बाळंत होतात. टाका उकलण्याचा धोका साधारण 200 मध्ये एकीला. शिवाय प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) जुन्या व्रणावर रुतून बसण्याची भीती वाढत जाते. पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके 140. वाट बघायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

सहज विचारलं, "पहिलं मूल केवढं होतं?"

"सातव्या महिन्यातलं. आडवं होतं, हात भाईर आलता," सासू म्हणाली. "चारच दिवस जगलं."

मी थबकले. सातव्या महिन्यात पिशवीचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो. त्यात मूल आडवं, म्हणजे पिशवीवर उभा छेद घ्यावा लागला असणार. कातडीवरचा टाका आडवा आणि आतला उभा, असं असू शकतं. बाहेरून कळायला मार्ग नाही. उभ्या छेदाला कळा सोसत नाहीत.

कळ ओसरल्यावर पोटावर, व्रणाच्या बरंच वर, हात ठेवला. ती कळवळली. पुढच्या कळेनंतर ठोके 100 वर आले आणि लवकर सावरेनात. भूलतज्ज्ञांना उठवलं, रक्ताची सोय केली. तिला समजावलं तेव्हा ती रडली, पण सही केली.

पोट उघडलं आणि ऑपरेशन थिएटरमधलं कोणी बोलेना. पिशवीवर वरपर्यंत गेलेला उभा व्रण, मधोमध स्नायू उरलाच नव्हता. पातळ पडद्याआड बाळाचा पाय हलताना दिसत होता. मुलगी, 2 किलो 700 ग्रॅम, बाहेर येताच रडली.

मला राग आला तो कागद जळाल्याचा नाही. मागच्या वेळी तिला कुणी दोन वाक्यं तोंडी सांगितलीच नव्हती, याचा. आतला छेद कसा आहे हे ना तिला माहीत, ना सासूला.

डिस्चार्ज कार्डावर मी मराठीत ठळक लिहिलं: पिशवीवर उभा छेद, पुढच्या खेपेला कळा येण्याआधीच सिझर. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढायला लावला. आणि रोज राउंडला तिच्याकडून वदवून घेतलं. निघायच्या दिवशी मी खाटेपाशी पोचायच्या आतच ती म्हणाली, "आतला टाका उभाय मॅडम. कळा येऊ द्यायच्या न्हाईत."