दुपारचं बंद पडणं वेगळं, सकाळचं वेगळं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरचा कॉम्प्युटर पहिल्यांदा फटकन बंद पडला. मी मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावत होतो. इंदूरला रामबागेत आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो. वीज गेली म्हणावं तर डोक्यावर पंखा फिरत होता. पुन्हा सुरू केला, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मग रोज तीन-चारदा. एकदा दोन दिवसांचं काम गेलं, तेव्हा मात्र फार वाईट वाटलं. लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो विश्वासानं दिलेले होते.

दुकानात नेला. व्हायरस आहे म्हणाले, फॉरमॅट मारून दिला. दुसऱ्याच दुपारी परत बंद.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, आता काही बदलू नका. कधी बंद पडतो, कसा पडतो, तेवढं वहीत लिहा.” सगळ्यात कामी आला तो हा सल्ला. चार दिवसांत वहीत दोन तऱ्हा दिसल्या. एक, स्क्रीन एकदम काळी, काही न सांगता. हे बहुधा दुपारी, फोटोंचं काम चालू असताना. दुसरी, निळी स्क्रीन, तिच्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. आणि ही सकाळी सातलाही, मशीन गार असताना. विंडोज घडलेल्या बिघाडांची नोंद ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन्हींपुढे कर्नल-पॉवर ४१ हीच नोंद. ती बघून लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. नोंदीच्या आत बगचेक कोड, म्हणजे विंडोजला सापडलेल्या चुकीचा आकडा असतो, तो बघावा. काळ्या स्क्रीनच्या वेळी शून्य होता, म्हणजे चूक नोंदलीच नव्हती; निळ्या स्क्रीनच्या वेळी २६, म्हणजे तीच ‘मेमरी मॅनेजमेंट’. म्हणजे दुखणी दोन होती, आणि आम्ही एकच औषध शोधत होतो.

आधी ताप धरला. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूमॉनिटर हा प्रोग्राम लावून बघितलं: नुसता बसला असताना प्रोसेसर ६८ अंश, फोटो उघडले की ९७, ९९, आणि अंधार. प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ आहे. शंभराच्या आसपास तो आधी स्वतःला मंद करतो, तरी ताप हटला नाही तर जीव वाचवायला मशीन बंद होतं.

वायर काढून कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा असतो, त्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता, चिमटीनं उचलला तर अख्खा निघाला. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. हवेनं तो भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. पण खरा घोटाळा धुळीखाली होता. कूलर मदरबोर्डला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक वर आलेली. त्या कोपऱ्यात कूलर प्रोसेसरला टेकतच नव्हता, आणि मधली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप, वाळून चुन्याच्या पोपड्यांसारखी सुटत होती.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधून पेस्ट आणली. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीनं दाबायच्या. चार वेळा ‘टक्’ ऐकू यायला हवं. शेवटची पिन दाबताना मदरबोर्ड वाकतोय असं वाटून हात थरथरला, पण बसली. कॅबिनेटही टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं. त्या दुपारी नुसता असताना ४४, कामात ७१. खोलीच ३६ अंशांवर होती, त्या मानानं हे उत्तमच.

काळी स्क्रीन गेली. निळी तिसऱ्या सकाळी परत आली. वही नसती तर पेस्ट वाया गेली असंच वाटलं असतं.

निळ्या स्क्रीनचा रोख मेमरीकडे, म्हणून पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. पहाटे पाहिलं तर लाल ओळींची रांग. मग मेमरीच्या (रॅमच्या) चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या मदरबोर्डवरच्या त्याच एका स्लॉटमध्ये आळीपाळीनं लावल्या, म्हणजे स्लॉटवर शंका राहू नये. पहिली चारही फेऱ्या स्वच्छ, दुसरी काही मिनिटांतच चुका दाखवायला लागली. तिच्या जागी जुनीच पण तपासून घेतलेली डीडीआर३ जातीची पट्टी लावली आणि ती रात्रही मेमटेस्टला दिली.

स्मरणिका वेळेत छापायला गेली. बाद पट्टी पाकिटात घालून वर लाल पेनानं ‘लावू नये’ लिहून ठेवली आहे.