कर्लीच्या खाडीत पॅडलबोर्ड: वल्हवणं, धुणं, वाळवणं

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला स्वतःचा पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, घेऊन जायचा विचार असेल, तर पहिला सल्ला असा: समुद्र सोडा, कर्ली नदीची खाडी धरा. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली, यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. समुद्राच्या बाजूला लाट फुटत असते आणि खाडीच्या बाजूला त्याच वेळी पाणी संथ असतं. माघ महिन्यात आम्ही गेलो तेव्हा सकाळी सहा-साडेसहाला खाडीवर धुकं आणि दोन-चार होड्या, एवढंच होतं.

आमचे दोन्ही बोर्ड हवा भरायचे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तेच परवडतात. गुंडाळून पिशवीत घातले की कुडाळपर्यंत रेल्वेनं आणि पुढे रिक्षानं नेता येतात. पंप, वल्हं, फिन (बोर्डच्या खाली लावायचं पातं) धरून एका पिशवीचं वजन बारा-तेरा किलोच्या घरात जातं. प्रवासात फिन बोर्डमध्येच गुंडाळू नका. वेगळं कापडात बांधा, नाहीतर त्याची कड आतून पीव्हीसीवर घासत राहते. प्लॅस्टिकचं फिन प्रवासात वाकलंच, तर कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट फळीवर दाबून धरा, सरळ होतं.

खाडीत कधी उतरायचं, हे घड्याळापेक्षा पंचांग चांगलं सांगतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. द्वादशीला बारा पाऊण नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती पूर्ण. एकादशीला सव्वाआठ. आम्ही मुद्दाम या तिथ्या साधल्या. उजाडताना निघायचं, उरलेल्या भरतीच्या पाण्याबरोबर नदीत वर जायचं आणि पाणी वळलं की त्याच्याबरोबर परतायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, असतं, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाचं (लहान भरती-ओहोटीचं) पाणी शांत असतं, पण त्या दिवशी भरती सहालाच संपते आणि सगळी सकाळ ओहोटीत जाते. नवख्यांनी हे गणित नक्की करावं, आणि त्यावर गावातल्या होडीवाल्याला एकदा विचारावंही. आम्हाला एका आजोबांनी नुसतं एवढंच सांगितलं, "सुकतीच्या वेळी संगमाकडे जाव नकात." सुकती म्हणजे ओहोटी, आणि संगम म्हणजे कर्ली समुद्राला मिळते ती जागा. त्यामागे मोठं कारण आहे. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि देवबागच्या अंगानं तो संगमाच्याच दिशेला ढकलतो. ओहोटीही तिकडेच नेते. बोर्डवर उभा माणूस म्हणजे शीडच. दोन्ही एकत्र आले तर वल्ह्यानं त्यांच्याविरुद्ध जाणं फार अवघड. त्यामुळे अकराच्या आत बोर्ड किनाऱ्यावर हवा. लाइफ जॅकेट अंगात, आणि वाहत्या पाण्यात लीश (बोर्डला आपल्याशी जोडणारी दोरी) घोट्याला बांधण्यापेक्षा कमरेला, ओढताच सुटणाऱ्या पट्ट्याची. लीश नांगराच्या दोरीत किंवा जाळ्याच्या खांबात अडकली, तर पाण्याच्या ओढीत वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही.

नदीत वर जाताना दोन्ही काठांना कांदळवन लागतं. खंड्या, बगळे, मधूनच एखादी घार. समोरच्या काठाला कोरजाई. पाणी इतकं स्वच्छ नसतं की तळ दिसावा, आणि इथूनच बोर्डच्या काळजीचा विषय सुरू होतो. जुन्या धक्क्यांचे दगड, बुडालेले खांब, बांधाची चिरेबंदी, सगळ्यावर कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, बसलेली असतात. कालवाची उघडी कड पातीसारखी धारदार. माझ्या मैत्रिणीचा बोर्ड एका धक्क्याजवळ पाण्याच्या लहरीनं अलगद दगडाला टेकला, आवाजसुद्धा आला नाही. किनाऱ्यावर उलटा करून पाहिला तर रेलच्या, म्हणजे बोर्डच्या कडेच्या, खालच्या बाजूला बोटभर लांब चरा. वरचा थर कापला होता, हवा मात्र निघत नव्हती. म्हणून सांगते, धक्क्याला बोर्ड कधीही लावू नका. वाळूचा उतार शोधा, गुडघाभर पाण्यात उतरा आणि बोर्ड उचलून आणा. तो वाळूवरून ओढायचा नाही. वाळूच्या उंचवट्यांवर फिन रुततं आणि माणूस पुढे फेकला जातो, तेव्हा उथळ भागात वजन थोडं पुढे घ्या किंवा सरळ गुडघ्यावर बसा. या खाडीसाठी आखूड फिन बरं.

हवा किती भरायची? बोर्डवर जो आकडा छापलाय तो पाहा, बहुतेकांवर कमाल १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतो. पंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलतच नाही, म्हणून पंप बिघडला असं समजू नका, दाब चढला की तो हलायला लागतो. नळी लावण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन वर आहे ना हे बोटानं तपासा. पिन खाली राहिली, तर नळी काढताक्षणी सगळी मेहनत फुस्स.

खरा धोका भरल्यानंतरचा आहे. नऊ-दहाला नाश्त्यासाठी बोर्ड वाळूवर ठेवून सगळे घावणे-चटणी खायला जातात. माघातसुद्धा कोकणातलं ऊन जबर. ३० अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब १८ च्या आसपास जातो. गडद रंगाचं डेक पॅड (बोर्डवर उभं राहायची मऊ गादी) एवढं तापायला फार वेळ लागत नाही. एकदा तापल्यानं लगेच फुटेल असं नाही, पण रोज असं झालं की रेलची शिवण आणि डिंकाचे जोड सैल होतात. पाण्यात असताना खालून थंडावा मिळतो म्हणून तिथे चिंता नाही. बाहेर काढलात की माडाच्या सावलीत न्या. तेही वर नारळ लोंबत नाहीत हे पाहून. सावली नसेल तर व्हॉल्व्ह दाबून दोन-तीन पीएसआय कमी करा, पुन्हा भरायला दोन मिनिटं लागतात.

आता धुणं. माझ्या मते बोर्डचं आयुष्य पाण्यातून बाहेर आल्यानंतरच्या तासाभरात ठरतं, आणि लोक नेमका तोच तास गप्पांत घालवतात. खारं पाणी वाळलं की मिठाचे स्फटिक राहतात. ते डेक पॅडच्या कडांत, सामान अडकवायच्या लवचिक बंजी दोरीच्या खाली, डी-रिंगच्या (डी आकाराच्या कड्यांच्या) मागे आणि फिनच्या खोबणीत साचतात. त्यात वाळूचे कण मिसळले की तयार झाला पॉलिश पेपर. असा बोर्ड तसाच गुंडाळलात, तर प्रवासभर तो स्वतःला घासत राहतो.

देवबागात गोडं पाणी विहिरींचं. बोर्डवर नळी सोडून उभं राहणं तिथे शोभत नाही, आणि गरजही नाही. आम्ही पाच लिटरचा हातपंपाचा फवारा नेला होता, बागेत वापरतात तो. नवाच घ्या, औषध फवारलेला चालणार नाही. आधी खाडीतच बोर्ड हलवून वाळू सोडवायची. मग सावलीत दोन खुर्च्यांवर आडवा ठेवून फवारा मारायचा: व्हॉल्व्हभोवती, फिनच्या खोबणीत, पॅडच्या कडांना, दोऱ्यांखाली. शेवटी ओल्या सुती फडक्यानं पूर्ण पुसून घ्यायचा. दोन बोर्डांना एक फवारा आणि अर्धी बादली पुरते. धक्क्याजवळ होड्यांच्या डिझेलचा तवंग असतो, त्याची चिकट पट्टी बोर्डच्या कडेला बसली तर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. मात्र ते पाणी खाडीत सोडू नका. आम्ही माडाच्या आळ्यात ओतत होतो, माडाला थोडं मीठ चालतं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकी ओसरीवरून रोज बघत असत. दुसऱ्या सकाळी त्यांनीच पाण्याची बादली आणून ठेवली आणि म्हणाल्या, "खारो वारो लोखंडाक खाता, तुमच्या ह्या बोर्डाक काय सोडतलो?"

लोखंड नसलं तरी वल्ह्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शब्दशः खरं. लांबी कमी-जास्त होणारं ॲल्युमिनियमचं वल्हं दोन दिवस न सोडता ठेवलं, तर आत मीठ आणि वाळू बसून नळ्या एकमेकींत अडकतात. मग पक्कड, हातोडी आणि वाकलेलं वल्हं. रोज तीनही तुकडे वेगळे करा, आतून पाणी घाला, उभे करून निथळू द्या. तेल-ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते आणि क्लॅम्पची पकड जाते. फिनचा स्क्रू आणि त्याची चौकोनी चकती काढून गोड्या पाण्यात बुडवा, आणि जादा जोडी जवळ ठेवा. मालवणात ती मिळेल या भरवशावर राहू नका. लीशच्या वेल्क्रोत वाळू भरली की पकड जाते, जुन्या टूथब्रशनं ती उपसून काढावी लागते. जिथे दोरी फिरते तो सांधा आणि दोरीवरच्या बारीक चिरा रोज पाहा. बोर्ड गेला तर पैसे जातात, लीश तुटली तर गोष्ट वेगळी.

अंगाला लावायचं खोबरेल किंवा सनस्क्रीन पायाच्या तळव्यांना लागलं की डेक पॅड निसरडं होतं. लावून झालं की तळवे पुसा.

रात्री बोर्ड किंचित मऊ वाटला, तर लगेच भोक शोधू नका. संध्याकाळी हवा गार झाली की दाब उतरतोच. पुन्हा मोजा, सकाळी मोजा. तरी उतरत असेल तर साबणाचा फेस आधी व्हॉल्व्हवर. आमच्या एका बोर्डला तिथेच बारीक बुडबुडे येत होते. पिन दोन-चार वेळा दाबून हवेच्या झोतानं आतली वाळू उडवली, ओल्या फडक्यानं रबराची कड पुसली, व्हॉल्व्हच्या पान्यानं अर्धा आटा आवळला, आणि बुडबुडे थांबले. हा प्लॅस्टिकचा पाना शंभर ग्रॅमचाही नसतो, पण तो नसेल तर सहल तिथेच संपते. जास्त जोरात आवळू नका, आटे प्लॅस्टिकचे असतात.

चऱ्याचं काय केलं ते सांगते, कारण हा प्रसंग इथे कुणावरही येऊ शकतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडे बोर्ड नेऊ नका. त्याचं सोल्युशन रबराच्या ट्यूबसाठी असतं, पीव्हीसीला ते धरत नाही. फेविक्विक कडक होऊन तडकतं. पाइपचं सॉल्व्हंट सिमेंटही नको, तेसुद्धा ताठर होतं. बोर्डबरोबर येणारे पीव्हीसीचे तुकडे आणि लवचिक पीव्हीसीसाठीचा डिंक लागतो. आम्ही हवा काढून बोर्ड सपाट केला, ठिगळ कोपरे गोल करून कापलं, पेन्सिलीनं त्याची रेघ आखली आणि दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोननं पुसले. मग दोन्हीकडे डिंकाचा पातळ हात, बोटाला चिकट पण ओला न लागेपर्यंत थांबायचं, पुन्हा एक पातळ हात, पुन्हा थांबायचं, आणि मग मधून कडेकडे चमच्याच्या पाठीनं दाबत जायचं. वर वजन ठेवून चोवीस तास हात लावायचा नाही. कोकणात पहाटेच्या दमट हवेत हे काम करू नका. हवेतला ओलावा डिंकावर बसला की जोड कच्चा राहतो. अकरानंतर, कोरड्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. एक पूर्ण दिवस त्यात गेला, तेव्हा आम्ही वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाऊन आलो. देवळाशेजारचं तळं आणि कर्लीचा काठ, दोन्ही पाहण्यासारखं. तिसऱ्या सकाळी ठिगळ टिकलं.

वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली बांधलेला, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत गेलेला. ते निवांत गोडं पाणी बघून बोर्ड टाकायचा मोह होतो. परवानगी असल्याशिवाय टाकू नये. आणि एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बोर्ड पूर्ण वाळवूनच जावं, पॅडखाली चिकटलेलं शेवाळ, बिया, जंतू आपल्याबरोबर जात असतात.

परतीच्या दिवशी वल्हवायला जाऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. गाडीच्या घाईत बोर्ड ओला गुंडाळला जातो आणि घरी पोचेपर्यंत कुबट वास येतो. पुण्याला आल्यावर आम्ही दोन्ही बोर्ड गॅलरीत उलगडले, थोडी हवा भरली, पुन्हा एकदा गोड्या पाण्यानं धुतले आणि पंख्याखाली पूर्ण वाळवले. खोबणीत कापूस घालून पाहा, ओला निघाला तर अजून थांबा.

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे जूनपासून बोर्ड घरातच राहतो. जागा असेल तर अर्धवट हवा भरून पलंगाखाली सपाट ठेवा. नसेल तर सैल गुंडाळा, आणि दर महिन्याला उलगडून घडीची जागा बदला, म्हणजे एकाच ठिकाणी चुणी पडत नाही. फिनच्या खोबणीवर घडी येऊ देऊ नका. डांबराच्या गोळ्या पिशवीत टाकू नका, त्यांचा प्लॅस्टिकवर परिणाम होतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल. पिशवी जमिनीवर न ठेवता कपाटावर ठेवा, कारण उंदीर पीव्हीसी कुरतडतात, आणि ते भोक बहुतेकदा घडीच्या आत सापडतं, एकाखाली एक तीन थरांना.