भोंग्यावरचे औदार्य

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या प्रचाराच्या ऐन धामधुमीत, मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. ओसरीत सोयाबीनची पोती थप्पी लावून ठेवलेली होती, कारण हमीभाव ४८९२ रुपये असला तरी मोंढ्यात तेवढा मिळत नव्हता. बाहेरून एक जीप 'लाडक्या बहिणींचे पंधराशेचे एकवीसशे करू' असे ओरडत गेली आणि तासाभराने दुसरी 'तीन हजार देऊ' म्हणत आली.

मला इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या 'द प्रिन्स'मधले सोळावे प्रकरण आठवले. गादीवर बसलेल्याने हात सैल सोडला की तिजोरी आटते, मग कर वाढवावे लागतात आणि ज्यांच्यासाठी उदार व्हायचे तेच दुरावतात. त्यापेक्षा चिक्कू म्हणवून घेतलेले बरे, असे तो म्हणतो. अपवाद दोनच. सत्तेच्या वाटेवर असलेल्याने, सीझरसारखे, उदार दिसले पाहिजे. आणि जो पैसा स्वतःचाही नाही व प्रजेचाही नाही, म्हणजे लुटीचा, तो खुशाल उधळावा.

दर पाच वर्षांनी मते मागावी लागत असल्याने आपल्याकडे गादीवरचा माणूसही कायम वाटेवरच असतो, त्यामुळे पहिला अपवाद हाच नियम होऊन बसला आहे. दुसऱ्यातले 'प्रजेचाही नाही' हे शब्द मात्र प्रचारात अलगद गळतात.

कायद्याची रेघही पैसा कोणाच्या खिशातला, इथेच आहे. उमेदवाराने मतासाठी खिशातून पाचशेची नोट काढली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार ती लाच. जाहीरनाम्यातले आश्वासन मात्र भ्रष्ट आचरणात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. मला हा भेद अगदीच चुकीचा वाटत नाही, कारण उघड जाहीर केलेली योजना विरोधात मत देणाऱ्यालाही मिळते. पण पैसा कुठून आणणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने तरी सांगावे, अशी आचारसंहितेची अपेक्षा आहे, आणि तेवढे कोणत्याच भोंग्यावर ऐकू आले नाही.

काकूने बँकेचा आचारसंहिता लागण्याआधीचा मेसेज माझ्याकडून वाचून घेतला. लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा झाले होते. सप्टेंबरात खाद्यतेलाचे आयातशुल्क सोयाबीनला भाव मिळावा म्हणून वीस टक्के-बिंदूंनी वाढवले होते, हे मी तिला समजावू लागलो, तेव्हा तिने पोत्यांकडे बोट दाखवले.

"ह्येला भाव न्हाई आन् त्येलाचा डबा म्हाग. पंधराशे आले ते डब्यातच गेले की रे लेकरा."