'फाइर्त' वाचून थोर्समोर्कला गाडी घालू नका

आइसलँडच्या रस्ते विभागाच्या नकाशावर थोर्समोर्क या डोंगराळ खोऱ्याकडे जाणाऱ्या एफ249 रस्त्यासमोर 'फाइर्त फ्यात्लाबीलुम' दिसलं की भाड्याची फोर-बाय-फोर घेऊन खुशाल निघा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि महागात पडतो. फाइर्त म्हणजे जाता येण्याजोगं. कुणाला, ते पुढचा शब्द सांगतो: डोंगरी गाड्यांना. तिकडे डोंगरी गाडी म्हणजे उंच उचललेली, भल्यामोठ्या टायरांची. विमानतळावर मिळणारी छोटी एसयूव्ही त्यात मोडत नाही, काउंटरवरचा माणूस काहीही म्हणो. पाण्याने इंजिन गेलं तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा छदाम देत नाही. करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचा.

'ओउफाइर्त' म्हणजे जाणं अशक्य. हिवाळ्यात बर्फाने घाट अडला तरी हाच शब्द, लान्देयाहोप्न बंदरात लाटांमुळे फेरीबोट लागत नसली तरी हाच. 'लोकाध' वेगळं: रस्ता अधिकृतपणे बंद. तिथे घुसलात तर दंड.

सेल्यालान्सफॉस धबधब्यापाशी रिंग रोड, म्हणजे देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता, सुटतो. सुरुवात सोपी आहे. पुढे स्टेइनहोल्टसाउ आणि क्वान्नाउ या नद्या लागतात, त्याही गंमत म्हणून घेऊ नका. खरी आडवी येते ती क्रोसाउ. थोर्समोर्कमधल्या तीन मुक्कामांपैकी बाउसारला जायला ती ओलांडावी लागत नाही. हुसादालुर किंवा लांगीदालुरला गाडीने जायचं तर लागतेच. पाणी हिमनदीचं, गढूळ, तळ दिसत नाही. पात्र सरकत राहतं, म्हणून कालच्या चाकोरीवर विसंबू नका. ऊन तापलं की बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, पावसात तर कधीही. सकाळी लवकर पोचा.

काठावर बसचालक किंवा वनरक्षक दिसला तर विचारा: 'एर फाइर्त इवीर क्रोसाउ?' म्हणजे क्रोसाउ ओलांडता येईल का. विचारताना आपली गाडी दाखवा, कारण उत्तर गाडीगणिक बदलतं. 'ओउफाइर्त' म्हणाले की घासाघीस न करता मागे फिरा.

गाडी खरोखर उंच असेल तरच पुढचं वाचा. पात्र रुंद आणि पाणी खळखळतं तिथे खोली कमी; अरुंद, संथ दिसतं तिथे डोह. आधी दुसरी गाडी पार होताना बघा, एकट्याने उतरू नका. लो रेंज (फोर-बाय-फोरची कमी वेगाची, जास्त जोराची गिअर-जोडणी) आणि पहिला गिअर काठावरच टाका, मध्ये क्लच दाबू नका. प्रवाहाच्या दिशेने तिरकं, चालण्याच्या वेगाने जा. जोरात घुसलात तर पाणी बॉनेटवर चढून हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपलं. अडकलात तर 112 या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

आमचा स्पष्ट कौल: बस घ्या. उन्हाळ्यात सेल्यालान्सफॉसहून उंच चाकांच्या बस जातात. बाउसारला उतरलात तरी क्रोसाउवरच्या पादचारी पुलाने लांगीदालुरला चालत पोचता येतं. रस्त्यांची ताजी स्थिती रस्ते विभागाच्या 1777 या फोन नंबरवर मिळते.