मेलेल्यांचं सिंगल तिकीट

रविवारी इथे लंडनजवळच्या ब्रुकवुडच्या सिमेट्रीत दोन तास फिरून आले. शेजारच्या आजी दर वेळी अशा गाईडेड वॉकला जातात, यंदा मलाही घेऊन गेल्या. आईला फोनवर सांगितलं तर आधी ती गप्पच झाली, मग म्हणाली, घरात शिरलीस की पहिले आंघोळ कर.

१८४९च्या कॉलऱ्यानंतर लंडनच्या भरलेल्या दफनभूम्यांत जागाच उरली नव्हती, म्हणून शहरापासून पंचवीसेक मैलांवर १८५४ साली ही सुरू झाली. प्रेतं न्यायला वॉटरलूजवळून खास ट्रेन निघायची. नातेवाइकांना रिटर्न तिकीट आणि शवपेटीला सिंगल! आणि क्लास तीन, जिवंत माणसांना पण आणि मेलेल्यांना पण. फर्स्ट क्लासवाल्यांनी कबरीची जागा निवडायची, थर्ड क्लास म्हणजे गरिबांचं, खर्च पॅरिशचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराचा, कबर प्रत्येकाला वेगळी मिळायची पण वर कायमचा दगड लावायचा हक्क नाही. आत स्टेशनंही दोन, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांचं एक आणि बाकी सगळ्यांचं दुसरं.

खरं सांगू, हे ऐकून मला आतून बरं वाटलं. इथे लोक जातीवरून विचारतात तेव्हा मी नेहमी अवघडून जाते, आणि आता वाटलं, बघा, तुमच्याकडेही मेल्यावर सुटका नव्हतीच की. आजींना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, फार वाईट होतं ते. बस, एवढंच. वाद घालायला काही उरलंच नाही, आणि मला आमचं गाव आठवलं, जिथे ओढ्याच्या अलीकडच्या स्मशानात शेड आहे, ओटा आहे, आणि पलीकडच्या वस्तीचे लोक पावसाळ्यात वर ताडपत्री धरून माणूस जाळतात. त्यांची ट्रेन १९४१ला बॉम्बमध्ये स्टेशन पडल्यावर बंद झाली. गावातला ओढा मी मागच्या दिवाळीतच बघून आलेय.

थर्ड क्लासच्या भागात आता नुसतं गवत आहे. तिथे मी बराच वेळ उभी होते.

पुढे पारशी लोकांचा भाग लागला. इथे मुंबईसारखी डुंगरवाडी, पारशांचे प्रेत ठेवायचे दोखमे, कुठून आणणार, म्हणून दफन. आणि समोर जमशेटजी टाटांचा मकबरा! ते १९०४ला जर्मनीत गेले एवढं वाचलेलं, पण इथे आहेत हे खरंच माहीत नव्हतं. सर रतन आणि सर दोराबजीही शेजारीच. ग्रुपमधल्या लोकांना टाटा म्हणजे गाड्या आणि स्टील, मग मीच सांगायला लागले की त्याच्या कितीतरी आधी, १८७७ला, आमच्या नागपुरात यांनी एम्प्रेस मिल काढली, माझे आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्या पगारावर चार भावंडं शिकली. गाईड थांबून ऐकत होता. माझा आवाज जरा भरून आला.

घरी येऊन आंघोळ केली आणि आईला फोन लावला. टाटांचं सांगितल्यावर तिने पहिलं विचारलं, फूल वाहिलंस का?

नव्हतं नेलं काहीच. पुढच्या रविवारी परत जातेय, शेवंती घेऊन, आणि त्यातली थोडी त्या गवतावर पण ठेवीन.