नागपूरची ३९० मीटरची बिल्डिंग

"दादा, ३९० मीटर! बुर्ज खलिफाच्या निम्म्याला जराशी कमी!"

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी लोअर परळला टपरीवर चहा घेत होतो. समोर वर्ल्ड वन उभी. २८० मीटर. तिचा शेंडा पाहायचा तर डोक्यावरची टोपी मागे पडते. आणि हा सांगतोय की नागपुरात, काटोल रोडकडे, त्याहून शंभरेक मीटर उंच बिल्डिंग होऊन राहिली आहे आणि तिच्या बाविसाव्या मजल्यावर त्यानं टू बीएचके बुक केलाय. "सरकारी कागदावर आहे दादा. तू या लाईनीतला, एकदा येऊन पाहून जा ना."

या लाईनीतला म्हणजे मी लिफ्टच्या देखभालीची बिलं तपासतो. पण नातेवाइकांत तेवढी ओळख पुरते. मी विचारलं, एकूण मजले किती? म्हणाला, चोवीस. चोवीस मजल्यांत ३९० मीटर म्हणजे एकेक मजला सोळा मीटरचा. चार हत्ती एकावर एक उभे केले तरी वर पंख्याला जागा उरेल. तोवर त्यानं ही बातमी घरच्या ग्रुपवर टाकलीही होती आणि अमरावतीच्या मावशीचे चार अंगठे आले होते.

एवढं निमित्त मला पुरलं. मे महिन्यात नागपूरला जाणारा माणूस एक तर लग्नाला जातो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं असं मुंबईत समजतात. विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो. स्टेशनाची १९२५ ची दगडी इमारत ओलांडून बाहेर आलो आणि उन्हानं कानाखाली काढली. सकाळचे साडेनऊसुद्धा नव्हते. या शहराची नोंद ४७.९ अंशांची आहे, २३ मे २०१३ ची. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ दाखवले, देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मामा अजून म्हणतात, सेन्सर बरोबर होता, घाबरला बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच निघालो. कस्तुरचंद पार्काजवळ तर्री-पोहा खाल्ला. तर्री पोह्यांवर ओतताना पोहेवाल्यानं "झणझणीत की मिडियम जी?" विचारलं, मी मुंबईकर थाटात मिडियम म्हणालो आणि मामेभावानं मान खाली घातली. तिथून झिरो माईल चालत गेलो.

झिरो माईलला लहानपणापासून कितीदा गेलो असेन. चार घोडे, वालुकाश्माचा खांब, आणि हा भारताचा मध्य म्हणून काढलेले फोटो. पण खांबाशेजारचा बुटका सहा कोनी दगड नीट असा या वेळी पहिल्यांदाच पाहिला. हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा दगड. तो अंतराचा नाही, उंचीचा आहे! याचा माथा समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. लोक इथून कुठलं गाव किती मैल ते पाहतात, आणि मुळात हा दगड सांगतोय की तुम्ही समुद्रापेक्षा किती वर उभे आहात. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. मोबाईलवर मीटर केले. जवळपास ३११.

३११! जगात ३०० मीटरच्या वर गेलेल्या इमारतीला सुपरटॉल म्हणतात, ६०० च्या वर मेगाटॉल. म्हणजे तर्री-पोहे खाऊन चपला घासत आलेला मी समुद्राच्या हिशेबानं वर्ल्ड वनच्या गच्चीपेक्षा उंचावर उभा होतो. आणि त्याच क्षणी मला त्या ३९० चं कोडं सुटलं.

"कागद दाखव," मी म्हणालो.

फोनमध्ये होता. विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत पत्र. त्यात दोन आकडे होते. जागेची उंची ३१४ मीटर, परवानगी असलेला सगळ्यात वरचा बिंदू ३९० मीटर. दोन्हींपुढे इंग्रजीत चार अक्षरं, समुद्रसपाटीपासून अशा अर्थाची. विमानाला तुमची बिल्डिंग तळमजल्यापासून किती उंच आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला शेंडा कुठे आहे ते हवं असतं. तीनशे नव्वदातून तीनशे चौदा गेले, राहिले शहात्तर. चोवीस मजले बरोबर बसले.

मामेभाऊ बराच वेळ त्या घोड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ग्रुपवर काही टाकू नको बरं."

बिचाऱ्याचं चुकलं काहीच नाही. सोनेगावचा विमानतळ शहराला चिकटून आहे. अशा मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत अडथळ्याची मर्यादा विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर, म्हणजे चौदा-पंधरा मजले. तिथून पुढे ती मर्यादा उतरत्या छपराच्या उलट, हळूहळू वर चढत जाते, १५० मीटरवर थांबते आणि पंधरा किलोमीटरपर्यंत तेवढीच राहते. खास अभ्यास करून थोडंफार मागेपुढे होतं. पण दुबई-शांघायसारखी सुई वर्धा रोडवर कुणी उभी करील, हे विसरा. आमच्या मामांच्या भाषेत, विमान उतरवायचं की बिल्डिंग चढवायची, एक काय ते ठरवा.

साइटवर जायला अकरा वाजणार होते, म्हणून मधल्या वेळात मेट्रोत बसलो, अर्धं एसीसाठी. झिरो माईलहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे. गड्डीगोदामला मुद्दाम उतरलो. उंची पाहायला आलेल्या माणसानं नागपुरात हेच पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली रस्ता, त्याच्यावरून रेल्वेचे रूळ, त्यांच्यावरून उड्डाणपूल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मेट्रो. चार थर. खाली उभा राहिलो तेव्हा वर मालगाडी धडधडत होती, तिच्याही वरून कामठी रोडची वाहनं, आणि लोखंडी तुळयांच्या जाळीतून मेट्रो आवाज न करता सरकून गेली. चालू रेल्वेमार्गावर हा पूल चढवायचा म्हणजे रेल्वेकडून मागून घेतलेल्या मोजक्या तासांत काम. कामठी रोडचा हा दुमजली पूल साडेपाच किलोमीटरहून लांब आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. वर्धा रोडवरचा त्याचा थोरला भाऊ ३,१४० मीटरचा, त्याची २०२२ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. त्यांची उंची आडवी पडलीय, एवढंच. शेजारी रसवंतीवाला ऊस पिळत होता आणि तो एकदाही वर पाहत नव्हता.

साइटवर हेल्मेट घालून, वहीत सह्या करून आम्ही बांधकामाच्या लिफ्टमध्ये चढलो. ही आपल्या घरची दोरावरची लिफ्ट नसते. इमारतीच्या अंगाला एक खांब उभा बांधलेला असतो, त्यावर दात्यांची पट्टी, आणि जाळीच्या पिंजऱ्यावरची मोटर दातेरी चाकांनी त्या पट्टीवर चढत जाते. चालवणारा मुलगा बालाघाटकडचा, विशी-बाविशीचा. सतरावा मजला गेला आणि लाईट गेली. पिंजरा दोन मजल्यांच्या मध्ये.

"टेन्शन नका घेऊ भाऊ, जनरेटर चालू होऊन राहिला."

नाही झाला. दहा मिनिटं झाली. जाळीतून लू आत येत होती, हेल्मेटच्या पट्ट्याखालून घाम गळ्यात. मामेभाऊ गप्प. मी आपला ज्ञान पाजळायला लागलो, भीती घालवायला. खऱ्या सुपरटॉलमध्ये वजनापेक्षा वाऱ्याचा जाच जास्त. तैपेई १०१ मध्ये त्यासाठी ६६० टनांचा गोळा वर टांगलाय, इमारत एकीकडे झुकली की तो दुसरीकडे ओढतो. लिफ्टचा पोलादी दोर पाचशे मीटरच्या पुढे स्वतःच्याच वजनानं हैराण होतो, म्हणून मध्ये उतरून लिफ्ट बदलावी लागते. आणि बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरांतले वरचे २४४ मीटर तर कुणी राहण्यासारखे नाहीतच, नुसता तुरा. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं लाईट जाते का भाऊ?"

मग त्यानं मोटरजवळची एक कडी हातानं ओढली. ब्रेक सुटला, पिंजरा आपल्याच भारानं हातभर खाली घसरला. कडी सोडली, थांबला. परत ओढली. असा हातहात करत त्यानं आम्हाला सतराव्याच्या पातळीवर आणलं. मध्ये एकदा त्यानं ब्रेकवर पंजा धरून किती तापलाय ते पाहिलं, मिनिटभर थांबला. मुंबईत इतकी वर्षं मी या सुट्या भागांची बिलं पास करतोय. तो ब्रेक काम करताना मी पहिल्यांदाच पाहिला.

उरलेले पाच मजले जिन्यानं चढलो. बाविसाव्या मजल्याला अजून भिंती नव्हत्या, कडेला नुसते पाइप बांधलेले. पश्चिमेला गोरेवाड्याचं पाणी आणि वाळलेलं जंगल, खाली सेमिनरी हिल्सची झाडी. आणि उत्तरेला, धुरकट हवेत, कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी. नागपूरचं सगळ्यात उंच काय, याचं उत्तर सरळ समोर उभं होतं. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटरचं धुराडं हा आपल्याकडचा जुना दंडक, आणि कोराडीत ६६० चे तीन संच आहेत. वर्ल्ड वनपेक्षा फक्त पाच मीटर कमी. कुणी त्याच्या पायथ्याशी सेल्फी काढत नाही, ब्रोशरमध्ये 'चिमणी व्ह्यू' असं कुणी छापत नाही. विमानतळापासून ते पंधरा किलोमीटरच्याही पलीकडे आहे.

मामेभावानं हात लांब करून दाखवलं, हा हॉल, ही बेडरूम, ही आईबाबांची खोली. आवाज खाली आला होता. मी म्हणालो, छान आहे. खरंच होतं. वारा होता, धरमपेठेत मामांच्या अंगणात नसतो तसा.

रात्री जेवताना मामींनी पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा नव्हता.

"कुलर कुठं ठेवायचा तिथं?"

नागपूरबाहेरच्यांना हा प्रश्न कळणार नाही. इथली हवा कोरडी, म्हणून पाण्याच्या थेंबांनी थंड होते. मुंबईत कुलर लावला तर फक्त घाम गार होतो. मामांकडचा कुलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसलाय, मोठ्या पत्र्याच्या पेटीएवढा. एप्रिलमध्ये मामा स्वतः त्याच्या तिन्ही जाळ्या काढून नवी खस भरतात आणि त्या वासानं उन्हाळा सुरू झाला असं आम्ही भाचे मंडळी समजायचो. नव्या बिल्डिंगीच्या नियमावलीत बाहेरच्या अंगाला काहीही टांगायला बंदी. एसीची जागा आखून दिलेली. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुलूपबंद. मग कुरड्या, सांडगे वाळवायचे कुठे, हा मामींचा दुसरा प्रश्न. मामेभाऊ बाल्कनी म्हणाला. मामींनी बाल्कनीची लांबी विचारली, त्यानं सांगितली, त्यांनी हातातल्या पळीनं हवेतच मोजून पाहिली आणि रस वाढायला घेतला.

"आणि ते ३९० मीटर काय होतं रे?" मामांनी मला विचारलं. "ग्रुपवर टाकलं होतं यानं."

मामेभावानं ताटातून वर पाहिलं.

"सरकारी कागदावर आहे मामा," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिला."