भोंगा आणि परवाना

लॉस एंजेलिसच्या बंदरातील टर्मिनल आयलंडवर आज कंटेनरच्या रांगा आणि क्रेन दिसतात. तिथे एके काळी सुमारे ३,००० जपानी माणसांचे, मासळीवरच जगणारे गाव होते, हे मला तिथले स्मारक पाहायला जाईपर्यंत ठाऊक नव्हते. मी स्वतः मासेमारी करणाऱ्या घरात वाढले असल्यामुळे परत आल्यावर त्या गावाविषयी मिळेल ते वाचत गेले.

यांतील बरीच कुटुंबे जपानमधील वाकायामाच्या किनाऱ्यावरून आलेली होती. पुरुष ट्यूनाच्या मागावर खोल समुद्रात जात. मासळीचा थवा दिसला की जिवंत तारली पाण्यात फेकून तो बोटीजवळ आणायचा आणि बांबूच्या काठीला बांधलेला, पिसे लावलेला गळ टाकायचा. या गळाला उलटा काटा नसे, त्यामुळे झटक्यासरशी वर उडालेला मासा डोक्यावरून मागे जाऊन आपोआप सुटे आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात पडे. मासा फार मोठा असला तर दोघे-तिघे आपापल्या काठ्यांच्या दोऱ्या एकाच गळाला बांधून त्याला एकदम उचलत. एकाची जरी वेळ चुकली तरी सगळ्यांचा झटका वाया जाई.

मासळी धक्क्याला लागली की बायकांचे काम सुरू होई. डबाबंद मासळीच्या प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा होता आणि रात्री-अपरात्री, भर झोपेतही, आपला भोंगा कोणता हे त्यांना बरोबर कळत असे. मुलांना घरी ठेवून त्या मासळी साफ करायला जात. राहती घरे बहुतेक कारखान्यांच्याच मालकीची, आणि नवऱ्याने धरलेली मासळी घेणारेही तेच. म्हणजे चूल, छप्पर आणि समुद्र असे तिन्ही एकाच मालकाच्या हाती होते. हे वाचताना मला आईचे बर्फाने सुन्न झालेले हात आठवत राहिले.

तेव्हाच्या कायद्यानुसार जपानहून आलेल्यांना अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नव्हते. त्यामुळे मासेमारीचा परवाना हाच त्यांच्यासाठी मोलाचा सरकारी कागद होता, आणि नेमका तोच त्यांच्यावर उलटला. जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केल्यानंतर, २ फेब्रुवारी १९४२ रोजी, परवानाधारक असलेल्या, जपानहून आलेल्या पहिल्या पिढीतील सुमारे ४०० पुरुषांना पकडून नेण्यात आले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला उरलेल्या लोकांना ४८ तासांत बेट सोडण्याचा हुकूम झाला. घरातले कर्ते पुरुष कोठडीत, दारात भंगारवाले मिळेल त्या भावाने भांडीकुंडी मागत उभे, आणि आवराआवर करणाऱ्या मागे राहिलेल्या बायका. जाळी आणि बोटी दोन दिवसांत कुणाच्या हवाली करायच्या, हा प्रश्न ज्याने मासेमारीचे घर पाहिले आहे त्याला अंगावर काटा आणणारा वाटेल. गाव रिकामे झाल्यावर घरे जमीनदोस्त करण्यात आली.

पुढे कॅलिफोर्नियाने कायदा करून जपानहून आलेल्या या माणसांना परवाना देणेच बंद केले. तोराओ ताकाहाशी या इथल्याच मच्छीमाराने १९१५ पासून १९४२ पर्यंत परवान्यावर मासेमारी केली होती. युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना डांबले होते त्या छावणीतून सुटून आल्यावर त्यांना परवाना नाकारण्यात आला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. परवाना पुन्हा मिळण्याची वाट मोकळी झाली, पण बोट लावून घरी जायचे, तर ते घर बेटावर उरले नव्हते.

ट्यूना स्ट्रीटवर त्या काळच्या दुकानांच्या दोन इमारती अजून उभ्या आहेत. स्मारकापाशी दोन मच्छीमारांचे कांस्य पुतळे आहेत. मी गेले त्या दुपारी बंदरातून एका मालवाहू जहाजाचा भोंगा वाजला, तेव्हा मी नकळत त्या रिकाम्या गल्लीकडे वळून पाहिले.